माघारी आलेला डबा

फेब्रुवारी सरत आला की आमच्याकडच्या हवेत दोन वास येतात. एक पिकून फुटलेल्या द्राक्षांचा, गोडसर आणि जरासा आंबूस. दुसरा गंधकाचा. पुण्याहून निघालेली एसटी उंब्रज आणि कराड मागं टाकून इस्लामपूरला थांबते, तोवर नाकात उसाच्या मळीचाच वास असतो. पण सांगली सोडून गाडी तासगावच्या रस्त्याला लागली की हे दोन्ही वास खिडकीतून एकदम आत येतात आणि मला कळतं, शेडं भरली. बेदाण्याचे दिवस आले. यंदाही ते आले. मी खिडकीशी बसले होते. मांडीवर पिशवी होती, पिशवीत स्टीलचा एक डबा होता आणि तो डबा रिकामा होता.

बेदाण्याचं शेड म्हणजे एक लांबलचक मांडव. आत जाळ्यांचे एकावर एक ताणलेले मजले आणि बाजूंनी हिरवं कापड. द्राक्षांचे घड औषधाच्या पाण्यात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. हळूहळू मणी सुरकुततात, रंग बदलतात, हलके होतात. मग गंधकाची धुरी, मग झोडणी, मग निवडणी. निवडणीला बायका बसतात. तोंडाला टॉवेल, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, आणि हात असे चालतात की बघणाऱ्याला गुंगी यावी. लहानपणी मला वाटायचं, द्राक्ष मरतं तेव्हा त्याचा बेदाणा होतो. मी तसं आक्काला विचारलंही होतं.

"मरत न्हाई गं," आक्का म्हणाली होती. "नुसतं पाणी सोडतं. गोडी तितकीच ऱ्हाती. उलट वाढती."

आक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमची. आमच्याकडं अशा बाईला ‘माघारी आलेली’ म्हणतात, आणि म्हणताना आवाज जरा खाली आणतात. आक्काचा आवाज मात्र कधी खाली आला नाही. शेड तिचंच होतं. अण्णा बाग बघायचे; घड शेडात आला की पुढचं सगळं आक्का. शेडाच्या तोंडाशी निळी प्लास्टिकची खुर्ची टाकून ती बसायची आणि तिथून कुणाचा हात मंदावला, कुणाचं पोर रडतंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे सगळं तिला दिसायचं. सूर्य कलला की तिची जेवणाची घाई सुरू व्हायची, कारण दिवस मावळल्यावर ती काही खात नसे. आम्ही जैन. घरात बाकीच्यांचं नियम पाळणं सोयीनुसार. तिचं मात्र पक्कं.

मी त्या शेडात फारशी बोलायची नाही. शिक्षणासाठी मी इस्लामपूरला मामाकडं होते. तिथल्या इंग्रजी शाळेत वर्गात मराठी बोलायला मनाई होती आणि सुट्टीत घरी आले की इंग्रजी कुणाला येत नव्हतं. मी दोन्हीकडं गप्प बसायला शिकले. निवडणीला येणाऱ्या शेवंतामावशींनी एकदा न राहवून विचारलं, "आवं आक्का, तुमची भाची मुकी हाय का वो?"

"बोलती की," आक्का म्हणाली. "इंग्लिशमधी बोलती. तुला झेपायचं न्हाई म्हणून गप हाय."

सगळ्या बायका हसल्या. मीही हसले, टॉवेलाआड तोंड करून. माझ्या गप्प बसण्याला कुणीतरी असं मोठेपण दिलेलं ते पहिल्यांदाच.

मी पुण्याला नोकरीला लागले तेव्हापासून प्रत्येक खेपेला आक्का मला एक डबा भरून द्यायची. तोच डबा. उभा, जुन्या जाड स्टीलचा, बुडाजवळ ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव. ते नाव आमच्या घरातलं नव्हतं. आक्काच्या सासरचं होतं. त्यात कधी बेदाणे, कधी शेंगदाण्याची चटणी, बिनलसणाची. देताना एकच वाक्य: "माघारी आण. आन रिकामा आणू नगंस."

पहिल्यांदा मी तो घासूनपुसून चकचकीत करून नेला आणि तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, आत बघितलं आणि डबा तसाच माझ्याकडं परत केला.

"चिमूटभर साखर घाल आतनं. मग दे."

"अगं, साखर आपल्याच घरातली. तुझ्याच डब्यातली."

"असू दे. तू घाल."

मी स्वयंपाकघरात गेले, तिच्याच साखरेतली चिमूट तिच्याच डब्यात टाकली आणि पुन्हा बाहेर येऊन तो तिला दिला. तिनं तो असा घेतला, जसं काही मी फार लांबून काही आणलं होतं.

आमच्या ऑफिसात आम्ही एक छोटं यान बनवतो. ‘यान’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं तसं ते अजिबात नाही. एका माणसाला कवेत घेता येईल, एवढंच. आकार बोथट भोवऱ्यासारखा. बहुतेक उपग्रह वर जातात ते कायमचे. त्यांच्याकडून खाली येतो तो फक्त संदेश. आमचं यान जातंच मुळी परत येण्यासाठी. काही दिवस पृथ्वीभोवती फिरायचं, मग हवेच्या थरात शिरायचं, बाहेरचं कवच जळू द्यायचं आणि आतलं जपायचं, शेवटी पॅराशूट उघडून समुद्रात उतरायचं, तरंगत राहायचं आणि ‘मी इथं आहे’ असं सांगत राहायचं. काही प्रश्नांची उत्तरं वरून संदेशानं कळवता येत नाहीत. वजन नसताना जिवंत शरीरात काय बदलतं, हे बघायचं तर ते शरीरच हातात यावं लागतं. त्यासाठी हा सगळा परतीचा खटाटोप. माझ्याकडं काम होतं ते त्याच्या पोटातल्या बंद पेटीचं, म्हणजे तिच्यातली हवा, ऊब आणि ओल यांचं. मी आक्काला हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे डबाच की." तेव्हापासून आमच्या घरी त्या यानाला डबाच म्हणतात. खरं सांगायचं तर ऑफिसातही मी मनातल्या मनात तेच म्हणायचे.

गेल्या वर्षीचे बेदाण्याचे दिवस. मला वारंवार तेच आठवतात, आणि आठवले की आधी तो गंधकाचा वास येतो, मग बाकीचं.

त्या वर्षी आक्काचं हृदय थकलं होतं. मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन काय सांगायचं ते सांगितलं होतं आणि अण्णांनी ते घरात कुणाला सांगितलं नव्हतं; तरी सगळ्यांना कळलं होतं. तिलाही. निळी खुर्ची शेडाच्या तोंडावरून हलून घराच्या ओसरीवर आली. तिथून ती ओरडून सूचना द्यायची. मग ओरडणंही थांबलं आणि ती नुसती बघत राहायची. आणि नेमकं त्याच हंगामात आमचं यान वर जायचं ठरलं. आत काय जाणार, ते मी एका रविवारी तिच्या पायाशी बसून सांगितलं.

"माश्या?" आक्कानं विचारलं.

"फळमाश्या. आपल्या शेडात असतात ना, फुटक्या मण्यांवर, त्याच."

"त्या कशाला वर?"

"वजन नाहीसं झालं की शरीराचं काय होतं ते बघायला. माणसाच्या आणि त्यांच्या शरीरात आतून बरंच सारखं असतं."

"आपल्यात आन माशीत सारखंच हाय, हे आमच्या महाराजांनी कवाच सांगितलंय. त्याला रॉकेट कशाला पायजे?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. ती शेडाकडं बघत होती. तिथं उन्हात बारीक ठिपक्यांसारख्या त्या माश्या वरखाली होत होत्या. आमच्या शेडात फवारा मारायचा झाला की आक्का आधी तासभर सगळी कापडं वर करून पंखे लावायला लावायची, जाणाऱ्यांना जाता यावं म्हणून. शेजारचे हसायचे.

"माघारी येत्याल ना जित्त्या?"

"त्यासाठीच तर सगळं चाललंय."

"आन आल्यावर?"

आल्यावर त्यांचं काय करणार होते, ते मला माहीत होतं. शास्त्राला त्यांच्या उडण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांच्या आत काय झालं याच्याशी होतं. माझ्या गप्प बसण्यांमधला फरक घरात एकट्या आक्कालाच कळायचा.

"बरं," ती म्हणाली. "ते तुमचं तुमी बघा. पण येईस्तवर तरी जप. वाटंत मरू देऊ नगंस. आन आल्या की मला येऊन सांग. फोनवर न्हाई. येऊन."

"येईन."

"लवकर यिवू देत म्हणावं त्यांना," ती म्हणाली, आणि तेवढ्यावर विषय थांबला. घाई कुणाला होती, ते आम्हा दोघींनाही समजलं होतं.

त्या दिवसांत सगळ्याच गोष्टी डब्यांभोवती फिरत होत्या, असं आता वाटतं. लोणंदजवळच्या माळावर आम्ही चाचण्या करायचो. यानाचा पोकळ नमुना मोठ्या ड्रोनला बांधून उंच न्यायचा आणि वरून सोडायचा, पॅराशूट कसं उघडतं ते बघायला. एका सकाळी वारा फिरला आणि आमचा नमुना छत्रीसकट डोलत डोलत माळ ओलांडून एका कांद्याच्या रानात उतरला. माझ्याबरोबर काम करणारा निखिल आणि मी धावत पोहोचलो तर रानाचा मालक कमरेवर हात ठेवून त्याच्यासमोर उभा.

"आवं मॅडम, माझ्या कांद्यात बाँब टाकला व्हय?"

निखिल म्हणाला, "काका, यान आहे. चाचणीचं."

"यान? मग आत कोन हाय?"

"कुणी नाही."

"कोन न्हाई, तर मग छत्री लावून एवढ्या लाडानं कुनाला उतरवता?"

त्यांनी स्वतःच नमुना उचलायला हात लावला. वरची बाजू उघडी होती. त्यांनी आत डोकावून बघितलं, मग वाफ्यातले कांदे उपटून, माती झटकून, एकेक करून आत टाकायला लागले. निखिल ‘अहो, अहो’ करत राहिला. "माझ्या रानातनं मोकळं भांडं जात न्हाई," ते म्हणाले. जीपमध्ये तो कांद्यांनी भरलेला नमुना माझ्या मांडीवर होता. ओल्या कांद्याच्या वासानं डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी फोनवर आक्काला सगळं सांगत होते. ती इतकी हसली, इतकी हसली की तिला धाप लागली आणि आईनं तिच्या हातातून फोन काढून घेतला. पाठीमागून तिचा आवाज येत होता: "कांदं! आमच्या चुलीला चालत न्हाईत, आन ही निघाली त्येंना अंतराळात घिऊन! खा म्हणावं आता, पुण्यात खातीसच की. मला काय वास येत न्हाई व्हय?"

तिला माहीत होतं तर. इतकी वर्षं.

आणि मग ते माझं बेदाण्याचं प्रकरण. ज्या विद्यापीठातून माश्या येणार होत्या, तिथल्या बाईंनी मोजमापासाठी त्यांची पेटी आमच्याकडं पाठवली होती, रिकामीच. काम झालं, पेटी परत पाठवायची होती. मी ती पुसली, बंद करायला झाकण उचललं आणि माझा हात आपोआप टेबलावरच्या आक्काच्या डब्याकडं गेला. मूठभर बेदाणे मी त्या पेटीत टाकले आणि झाकण लावलं. मनात दुसरा विचारही आला नाही. दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. त्या इंग्रजीतच बोलायच्या.

"श्रुती, माश्यांच्या खोलीत मी बाहेरच्या फळाची सालसुद्धा येऊ देत नाही. आणि तू पेटीत बेदाणे भरून पाठवलेस?"

त्यांना पूर्ण पेटी पुन्हा निर्जंतुक करावी लागली होती. मी समजावून सांगायला गेले. ‘इन अवर प्लेस’ इतकं म्हटलं आणि अडखळले. पुढचं इंग्रजीत नव्हतंच. मी नुसतं सॉरी म्हटलं. "बेदाणे मात्र चांगले होते," बाई म्हणाल्या. ऑफिसात पुढं बरेच दिवस कुणी कुणाला रिकामा कप जरी दिला, तरी म्हणायचे, अरे, श्रुतीला विचारून दे.

उड्डाण झालं त्या सकाळी मी पडद्यासमोर होते आणि घरी आईनं आक्कासमोर फोन धरला होता. धूर दिसला, आग दिसली. आक्का म्हणाली, "गेला व्हय डबा?" मी म्हटलं, गेला. तिनं कपाळाला हात लावून नमस्कार केलेला मला फोनच्या छोट्या चौकोनात दिसला. रॉकेटला नसावा तो.

पुढचे दिवस मी पेटीतल्या ऊब-ओलीचे आकडे बघत काढले. आत सगळं ठीक होतं. माश्या उडत नव्हत्या; वजन नसताना त्या उडायचं सोडून भिंती धरून चालतात, असं बाईंनी सांगितलं होतं. मी डोळे मिटले की त्या मला दिसायच्या, काचेवरून चालणाऱ्या. खाली समुद्र, ढग, कुठंतरी आमचं शेड आणि ओसरीवर निळ्या खुर्चीतली आक्का. ती आता थोडं दूधच घ्यायची. आई फोनवर एवढंच म्हणायची, "जमलं तर ये." आमच्या घरात ‘ये’ असं कुणी म्हणत नाही, ‘जमलं तर’ म्हणतात, आणि जितकी निकड जास्त तितक्या हळू आवाजात.

परतीच्या दिवशी सगळं ठरल्यासारखं झालं. खरंच सगळं. कवच जळलं, जेवढं जळायला हवं तेवढंच. पॅराशूट उघडलं. यान समुद्रावर उतरलं, तरंगलं, संदेश देत राहिलं आणि जहाजानं ते उचललं. बंदरावरच्या गोदामात ते आणलं तेव्हा मी तिथं होते. एका बाजूनं काळं ठिक्कर, खरपूस, आणि दुसऱ्या बाजूला आमच्या हातांनी लावलेला रंगाचा पट्टा तसाच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. निखिल रडला. मी जळक्या कवचाला हात लावला, तर ते गार होतं. मला वाटलं होतं, अजून गरम असेल.

मग माझी पेटी उघडली.

उतरतानाच्या हिसक्यानं आतला बारीक पंखा बंद पडला होता. हवा हलायची थांबली आणि उन्हात, लाटांवर, पेटीच्या आतल्या काचांवर घाम आल्यासारखं पाणी सुटलं. नळ्यांच्या तळातलं खाद्य पातळ झालं. माश्या त्यात चिकटल्या होत्या. सगळ्या. पंख काचेला चिकटून पसरलेले, जणू उडतानाचं चित्र. त्या सगळा आकाशाचा फेरा पुरा करून आल्या होत्या, हवेच्या त्या आगीतून आल्या होत्या, आणि आल्यावर, पाण्यावर वाट बघताना मेल्या होत्या. बाईंनी काही न बोलता नळ्या पिशवीत भरल्या आणि प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. संध्याकाळी अहवालाचा माझा भाग मी लिहिला. ‘स्पेसिमेन लॉस’ असे दोन शब्द लिहायला मला काहीच कष्ट पडले नाहीत. इंग्रजी त्या बाबतीत फार सोयीची आहे. तिच्यात कुणी मरत नाही.

तिथूनच मी सरळ गावाला गेले.

आक्काची खाट ओसरीवर आणली होती. शेडात झोडणी चालू होती. जाळ्यांवरून बेदाणे खाली पडताना पावसासारखा आवाज येतो. मी तिच्याजवळ बसले. तिचा चेहरा लहान झाला होता, पण डोळे तसेच, शेडातली शेवटची बाई दिसेपर्यंत बघणारे.

"आल्या?" तिनं विचारलं.

"आल्या."

"जित्त्या?"

बसमध्ये मी कितीतरी वाक्यं तयार केली होती. यान यशस्वी झालं, हे मोठं काम आहे, पुढच्या वेळी... सगळी इंग्रजीत होती. तिच्यासमोर त्यातलं एकही चाललं नसतं.

"नाही. मेल्या."

झोडणीचा आवाज येत राहिला.

"कशानं?"

"आत एक पंखा होता. उतरताना बंद पडला."

"तुझ्याकडं हुता पंखा?"

"आमच्या सगळ्यांकडं."

"म्हंजे तुझ्याकडं बी," आक्का म्हणाली. रागानं नाही. हिशेब सरळ असावा, इतकंच. मग तिनं हात पुढं केला. "बस नीट. हात जोड."

आणि तिनं णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली. गावात कुणी गेलं की ती जशी म्हणायची, तसाच. त्या माश्यांसाठी. मधेच तिचा श्वास संपला. ती थांबली, माझ्याकडं बघितलं. पुढच्या ओळी मी म्हटल्या. लहानपणी तिनंच शिकवलेल्या, पण मोठ्यानं मी त्या कितीतरी वर्षांत म्हटल्या नव्हत्या. शेडातल्या बायकांचे हात थांबल्यासारखे वाटले. झोडणीचा आवाज थोडा वेळ आला नाही. बंदरावर कुणी त्यांच्यासाठी काही म्हटलं नव्हतं. म्हणायचं असतं, हे तिथं कुणाला सुचलं नसतं, मलाही नाही.

"डबा आणलास?" तिनं मग विचारलं.

मी बंदरावरून तशीच आले होते. डबा पुण्यात, खोलीतल्या फळीवर होता.

"नाही आणला."

"ऱ्हाऊ दे. म्होरल्या खेपंला." तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली. मग तशीच, डोळे न उघडता म्हणाली, "मी माघारी आले ना, तवा त्यो डबा तेवढा संगट हुता. मोकळा. सासरी कुनी काय घातलं न्हाई त्यात, साखर बी न्हाई. तुझ्या आजीनं दारात माझ्या हातनं घेतला, उघडला, आन आत बघून रडली. माझ्याकडं बघून न्हाई रडली. डब्यात बघून." मग म्हणाली, "तवापासनं मी कुनाला मोकळा दिला न्हाई."

त्याच आठवड्यात ती गेली. सकाळची वेळ होती. आई तिच्यासाठी दूध गाळत होती.

बाईंचा फोन आला तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. मी मागच्या दारी जाऊन तो घेतला. त्यांना काही माहीत नव्हतं, त्यामुळं त्यांचा आवाज आनंदी होता. "श्रुती, ऐक. मोठ्या माश्या गेल्या, पण नळ्यांच्या वरच्या बाजूला कोष होते, काचेला चिकटलेले. तिथपर्यंत ओल पोचली नव्हती. मी ते वेगळे काढून ठेवले होते. आज त्यातून माश्या बाहेर आल्या. जिवंत. उडतायत." वर असताना घातलेल्या अंड्यांतून झालेल्या त्या माश्या. वजन काय असतं ते ज्यांना कधी माहीतच नव्हतं, त्या पहिल्यांदाच खाली आल्या होत्या आणि पंख सुकवून उडत होत्या.

मी म्हटलं, "थँक यू, मॅम." घरात परत गेले. आत आक्काची खाट उचलून भिंतीला उभी केलेली होती. येऊन सांग, फोनवर नाही, असं तिनं सांगितलं होतं. मी आले होते. सांगायला कुणी नव्हतं.

वर्ष गेलं. त्यातल्या थोड्या माश्या बाईंनी कामासाठी वापरल्या, थोड्या ठेवल्या. त्यांची पिल्लं, पिल्लांची पिल्लं अजून बाटल्यांमधून वाढतायत, असं त्या मध्ये म्हणाल्या. आम्ही पंख्याची बैठक बदलली. पुढच्या यानाचं काम चालू आहे. डबा माझ्या फळीवरच राहिला. दिवाळीला आले तेव्हा आणला नाही. मध्ये दोनदा आले, आणला नाही. त्यात काय घालून न्यायचं, ते मला ठरवता येत नव्हतं. साखर? मिठाई? पुण्यातली कुठलीही वस्तू आत ठेवून बघितली की ती विकत आणलेली दिसायची. घेणारं माणूस नसलं की देण्याचं काहीच मनासारखं होत नाही. शेवटी यंदा, गंधकाचे दिवस आले तसा मी तो तसाच पिशवीत घातला.

आईनं दारात पिशवी घेतली, हाताला वजन लागलं तशी आत बघितलं.

"काय घातलंयस?"

"काही नाही."

आई आक्काबद्दल बोलत नाही. आजही बोलली नाही. डबा माझ्याकडं परत देत म्हणाली, "मग तूच नेऊन ठेव जा. तिच्या जागंवर."

शेडाच्या तोंडाशी निळी खुर्ची पुन्हा आली आहे. तिच्यावर कुणी बसत नाही; बायका पाण्याच्या बाटल्या ठेवतात. शेवंतामावशींनी बाटल्या उचलून खाली ठेवल्या आणि मला जागा करून दिली. जाळ्यांवर नवे घड सुरकुतायला लागले होते. खाली गळून फुटलेल्या मण्यांवर त्या बारीक माश्यांचा थवा वरखाली होत होता. मी डबा मांडीवर घेतला आणि झाकण काढलं. आत काहीच नव्हतं, बुडाला माझाच चेहरा.

"आक्का," मी म्हटलं. मला वाटलं होतं मनातल्या मनात म्हणेन. आवाज बाहेर आला. "आल्या गं. जित्त्या आल्या."

शेवंतामावशींचा हात क्षणभर थांबला. त्यांनी मान वर केली नाही, पुन्हा निवडायला लागल्या.

थोड्या वेळानं एक माशी डब्याच्या काठावर येऊन बसली. इतकी लहान की नीट बघितल्याशिवाय दिसू नये. काठावरून फिरली, थांबली, आणि आतल्या बाजूनं खाली चालत गेली. कोरलेल्या नावाच्या ठिपक्यांचे आतून उंचवटे आलेत. त्यांच्यावरून चालत ती बुडापर्यंत पोहोचली.

"झाकण लावा की, ताई," शेवंतामावशी म्हणाल्या. "माशी गेली आत."

"असू दे," मी म्हटलं. "येईल बाहेर."

उन्हं कलायला लागली होती. आक्काची जेवायची वेळ. मी झाकण हातात धरून तशीच बसून राहिले.